ट्रक आला नाही, ११,५०० रुपये गेले

फसलो त्याची रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना उगीच धाकधूक नको. ११,५०० रुपये. पाच दिवसांत, तीन वेळा मिळून. आणि तिन्ही वेळा पिन मीच टाकला, माझ्याच बोटांनी.

आमच्या घरी आजोबांचा एक फोटो आहे. आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, १९४४ ला इटलीत. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तीच मोहीम. लढाईबद्दल ते फार बोलत नसत. बोलत ते चिखलाबद्दल आणि गाड्यांबद्दल. फोटोत ते एका बुटक्या, चपट्या नाकाच्या ट्रकच्या मडगार्डवर हात ठेवून उभे आहेत, दुसऱ्या हातात पत्र्याचा मग. फोटोचा वरचा उजवा कोपरा फाटलेला आहे. लहानपणी मी तो डिंकाने वहीत चिकटवला आणि आई ओरडल्यावर ओढून काढला, त्याची खूण.

तो ट्रक नेमका कोणता, हे शोधण्यात माझे दोन पावसाळे गेले. प्लास्टिकच्या छोट्या गाड्या जोडून रंगवायचा माझा छंद, पण बेळगावच्या पावसात एअरब्रश (रंगाचा फवारा) चालवण्यात अर्थ नसतो, रंग वाळतच नाही, म्हणून ते चार महिने माझे वाचायचे. कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोलेने ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी एकाच नमुन्याचे ट्रक बनवले होते, चार लाखांच्या वर. त्यांच्या नावात सी म्हणजे शेव्हरोले, एफ म्हणजे फोर्ड, पुढचा आकडा किती माल वाहतो त्याचा. सी-१५ए म्हणजे पंधरा हंड्रेडवेट, आपल्या हिशेबात पाऊण टन, चारही चाकं ओढणारी. नाक आखूड ठेवलेलं, म्हणजे जहाजात जागा कमी लागते. १९४१ च्या अखेरीला १३ नंबरची केबिन आली, तिची पुढची काच उलटी कललेली: खालची कड आत, वरची बाहेर. ऊन काचेवर पडून वरच्या विमानाला चमक दिसू नये म्हणून. आजोबांच्या खांद्यामागे तीच उलटी काच आहे. ज्या रात्री ते लक्षात आलं त्या रात्री मी बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "बरं, झोपा आता."

मग अर्थातच तो बनवायचा ठरला. खऱ्या ट्रकची दोन चाकांमधली लांबी १०१ इंच, १:३५ ला, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्यात, ती सव्वासात सेंटिमीटरच्या आसपास येते. तळहातावर मावणारी गाडी. पोलंडच्या आयबीजी कंपनीची या ट्रकची किट आहे, म्हणजे खोक्यात सुटे भाग, ते आपण जोडायचे, पण गणपत गल्लीपासून खडे बाजारापर्यंत हिंडलात तरी किट सोडाच, प्लास्टिक जोडायचं सिमेंटसुद्धा मिळत नाही. सगळं बाहेरून मागवायचं. म्हणून मॉडेलवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी आजोबांचा फोटो टाकला, ट्रकबद्दल जेवढं कळलं होतं तेवढं सगळं लिहिलं, आणि कुणाकडे किट आहे का विचारलं.

अर्ध्या तासात एकाचा खासगी मेसेज. 'काका, तेरा नंबर केबिनची आहे माझ्याकडं. पिशव्या अजून फोडल्या नाहीत. काच उलटी आहे बघा, तुम्हाला पाहिजे तीच.' निपाणीचा आहे म्हणाला. बोली अगदी आपल्याकडची, 'बघू की', 'देतो की'. मी लगेच विरघळलो. सीमाभागातला मराठी पोरगा, त्यात मॉडेलवाला, त्यात तेरा नंबरची केबिन ओळखणारा. असा माणूस फसवेल का?

निपाणी म्हणजे हायवेने तासा-सव्वा तासाचा रस्ता. येतो म्हटलं. तर तो कामानिमित्त गोव्यात, महिनाभर येणार नाही, किट घरी आहे, भाऊ कुरिअर करेल. मी कबूल झालो. खरं सांगायचं तर पावसात गाडी काढायचा मलाही कंटाळा होता.

३,८०० रुपये पाठवले. दोन दिवसांनी वेगळ्याच नंबरवरून 'कुरिअर ऑफिस'चा मेसेज: पार्सल नाजूक आहे, विम्याचे १,९५० भरा, माल पोचल्यावर परत मिळतील. त्याला विचारलं तर म्हणाला, 'भरा काका, मलाही भरावे लागतात नेहमी.' भरले. ३,८०० च्या वस्तूला १,९५० चा विमा! आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस मी, हा हिशेब त्या दिवशी करावासा वाटला नाही.

पाचव्या दिवशी रात्री साडेदहाला त्याचाच फोन. आवाज रडवेला. पार्सल पाण्यात भिजलं, खोका गेला, तुम्हाला भिजका माल देऊन मला पाप नको, सगळे पैसे परत करतो. ५,७५० बरोबर. त्याने क्यूआर कोड पाठवला, म्हणाला स्कॅन करा म्हणजे जमा होतील. स्कॅन केला. स्क्रीनवर ५,७५० हा आकडा आला, खाली पिनचे रकाने. आकडा बरोबर दिसला म्हणून मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो द्यायला लागतो, हे मला माहीत होतं. शहापूरच्या आमच्या मावशींना मीच शिकवलंय. पण तो कानाशी बोलत होता आणि मला त्याची कीव येत होती.

टुण्ण झालं. खात्यातून ५,७५० गेले. 'चुकून उलटं गेलं काका, परत एकदा स्कॅन करा' म्हणाला. तेव्हा मी फोन ठेवला.

बायको पाणी घेऊन आली, माझं तोंड बघून म्हणाली, "किती?" मी सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "तो सायबर फसवणुकीचा १९३० नंबर असतो ना, तो लावा आधी, रडायचं ते नंतर." लावला. तिन्ही व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक मागितले, ते अॅपमध्ये व्यवहार उघडला की दिसतात. सकाळी बँक उघडायच्या आधी दारात, मग सायबर गुन्ह्यांचं सीईएन पोलीस ठाणं. अर्ज कन्नडमध्ये लिहून द्यायला शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा बरोबर आला. त्याने 'मिलिटरी ट्रक' लिहिल्यावर हवालदार दचकला. "खेळण्यातला?" मराठीतच विचारलं. मी म्हटलं, "हो, खेळण्यातलाच." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला खेळणं म्हटलं.

शेवटच्या ५,७५० मधले काही रोखून धरलेत असं कळलंय, हातात अजून आलेले नाहीत. रात्रीच फोन केला म्हणून तेवढं तरी. आधीचे दोन गेले ते गेले.

आता मुख्य गोष्ट. नंतर मी सगळं चॅट वर सरकवून वाचलं, दोनदा. त्या माणसाने ट्रकबद्दल एकही गोष्ट अशी सांगितली नव्हती, जी मी ग्रुपवर आधी लिहिलेली नव्हती. तेरा नंबर माझा, उलटी काच माझी. मलाच मी ऐकत होतो, त्याच्या तोंडून. एका ठिकाणी तर घाईत माझीच चूक झाली होती, मी विचारलं होतं, 'स्टिअरिंग डावीकडे आहे ना?' हे ट्रक उजव्या स्टिअरिंगचे. ज्याने पिशवीतून दिसणारे भाग एकदा पाहिलेत किंवा खोक्यावरचं चित्र तरी पाहिलंय, तो लगेच म्हणेल, अहो काका, उजवीकडे. याचं उत्तर: 'हो हो, डावीकडंच.' आणि खोक्याचा फोटो मागितला तेव्हा आलेला फोटो दुकानाच्या जाहिरातीतला होता, कोपऱ्यात अर्धवट पुसलेला किमतीचा आकडा. तोही मी तेव्हा बघितला होता. बघितला आणि ट्रककडे बघत राहिलो.

म्हणून तुम्ही किट घेत असाल किंवा जुना कॅमेरा, तबला, काहीही, तर विकणाऱ्याला मुद्दाम एक चुकीची गोष्ट विचारून बघा. आणि त्या वस्तूचा आजचा फोटो मागा, शेजारी आजचा पेपर ठेवून. 'तरुण भारत' निपाणीलाही सकाळी पोचतो.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या एका मॉडेलवाल्याने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. दुसऱ्या ग्रुपवर, दुसऱ्या नावाने, कुणीतरी तीच किट विकायला काढली आहे. खाली लिहिलंय, 'माझे आजोबा इटलीत होते, त्यांच्या आठवणीसाठी घेतली होती, आता नाइलाज.' सोबत फोटो: चपट्या नाकाचा ट्रक, मडगार्डवर हात, दुसऱ्या हातात मग. वरचा उजवा कोपरा फाटलेला.