नाव जुळले, पण माणूस तोच आहे का? एका पीईपी स्क्रीनिंग सेवेचे परीक्षण

आमच्या अनुपालन विभागात गेले वर्षभर ग्राहकांचे राजकीय संबंध, म्हणजे ते पीईपी (महत्त्वाच्या सार्वजनिक पदावर असलेली किंवा पूर्वी असलेली व्यक्ती) किंवा अशा व्यक्तीच्या निकटचे आहेत का, हे तपासण्यासाठी एक स्क्रीनिंग सेवा वापरली जात आहे. अशा सेवांच्या जाहिरातींत यादी किती मोठी आहे यावरच भर असतो. रोज हिट्स (यादीशी जुळलेली नावे) तपासणाऱ्याला मात्र वेगळी चिंता असते: जुळलेले नाव आपल्या ग्राहकाचे नाही, हे किती लवकर आणि कोणत्या पुराव्यावर ठरवता येते?

नावांच्या जुळणीत ही सेवा खरोखर सरस आहे. अरबी नावांची रोमन लिपीतील अनेक रूपे, आधी आडनाव लिहिण्याची चिनी पद्धत, स्पॅनिश नावांतील दोन आडनावे हे सारे ती सहसा ओळखते. जुळणीची मर्यादा सैल केली की हिट्सचा पूर येतो आणि घट्ट केली की एखादा खरा हिट निसटण्याची भीती राहते, पण हा दोष सेवेचा नसून या कामातच असलेला पेच आहे. जन्मवर्ष, राष्ट्रीयत्व आणि धारण केलेले पद नावाशेजारीच दिसत असल्याने बरेच हिट्स पहिल्या नजरेतच बाद करता येतात. जिथे नोंदीत जन्मवर्षच नाही, तिथे मात्र आपण पुन्हा शोधयंत्राच्या दारी.

मुख्य तक्रार जोखमीच्या वर्गवारीची आहे. मनी लाँडरिंगविरुद्धचे जागतिक निकष ठरवणाऱ्या एफएटीएफ या संस्थेच्या 12व्या शिफारशीनुसार परदेशी पीईपीसाठी वरिष्ठ व्यवस्थापनाची मंजुरी, संपत्तीच्या आणि निधीच्या स्रोताची खातरजमा व वाढीव देखरेख नेहमीच आवश्यक असते. देशांतर्गत पदाधिकारी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांमधील वरिष्ठ यांचा समावेश 2012 च्या सुधारणेत झाला, परंतु त्यांच्याबाबत हे जादा उपाय व्यावसायिक संबंधाची जोखीम अधिक असेल तेव्हाच अपेक्षित आहेत. ही सेवा दोघांनाही एकाच लाल रंगात दाखवते. मधल्या व कनिष्ठ पदांवरील व्यक्तींना तर पीईपीची व्याख्या लागूच होत नाही, तरीही तसे कर्मचारी यादीत सापडतात. नवा विश्लेषक लाल खूण पाहून ग्राहकाला जवळजवळ आरोपी ठरवतो, आणि पीईपी असणे हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे हे त्याला दर वेळी समजावून सांगावे लागते.

पद सोडलेल्यांच्या बाबतीत सेवेची मूळ मांडणी मला धोकादायक वाटते. युरोपीय संघाच्या 2015 च्या निर्देशात पदत्यागानंतर किमान 12 महिने जोखीम विचारात घेण्यास सांगितले आहे. एफएटीएफचा कल मात्र ठरावीक मुदतीपेक्षा प्रत्यक्ष जोखीम पाहण्याकडे आहे. सेवेने ‘किमान’ हा शब्द गाळून बारा महिने पूर्ण होताच खूण आपोआप उतरवण्याची सोय सुरू ठेवलेली होती. खुर्ची गेली तरी वजन उरते, हे कोणत्याही निवृत्त मंत्र्याच्या दिवाणखान्यातली गर्दी पाहून कळावे. ही सोय आम्ही पहिल्याच महिन्यात बंद केली.

कुटुंबीय आणि निकटचे सहयोगी यांच्या नोंदी असमान आहेत. जोडीदार आणि मुले बहुधा सापडतात, पण व्यवसायातील भागीदार क्वचितच, आणि ‘निकट सहयोगी’ एवढाच शिक्का मारून स्रोत न दिल्यास तो हिट ठेवायचा की बाद करायचा हेच ठरवता येत नाही.

निर्णयांची नोंद मात्र उत्तम ठेवली जाते. हिट कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने बाद केला हे लेखापरीक्षकाला एका पानावर दाखवता येते. याच कारणासाठी आम्ही कराराचे नूतनीकरण केले. त्यात एक अट अशी घातली की यादी अद्ययावत झाल्यावर आधी बाद केलेला हिट, मूळ नोंदीत बदल झालेला नसेल तर, पुन्हा आमच्यापुढे येऊ नये.