ॲन्सिबल: अटी लिहायला सोप्या, निस्तरायला नाहीत

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात सर्व्हरचं बघणारी माणसं दोनच, मी आणि सायली. वेब, डेटाबेस, बॅकअप अशी कामं वाटून दिलेली मशीनं मात्र बरीच, आणि सगळी रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये. प्रत्येकावर एजंट (मशीनवर कायम चालणारा मदतनीस प्रोग्राम) सांभाळत बसायची तयारी नव्हती. ॲन्सिबल म्हणजे एका जागेवरून अनेक सर्व्हरची सेटिंग लावणारं टूल. त्याचं भागतं एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) आणि पायथनवर, म्हणून ते घेतलं. 2012 पासूनचं आहे, 2015 मध्ये रेड हॅटने विकत घेतलं, तरी मूळ टूल फुकटच. बसवण्याबद्दल तक्रार शून्य.

खरी कसोटी अटींची, म्हणजे कुठलं काम कुठल्या मशीनवर करायचं ते सांगण्याची. सर्व्हर इन्व्हेंटरीत (मशीनांच्या यादीत) ज्या ग्रुपमध्ये, ते त्याचं काम. टास्कखाली (टास्क म्हणजे एकेक काम) 'व्हेन' लिहून 'ग्रुप_नेम्स'मध्ये 'डीबी' (डेटाबेसचा ग्रुप) आहे का एवढं विचारायचं. नसेल त्या मशीनवर निळसर अक्षरांत 'स्किपिंग' उमटतं आणि गाडी पुढे. वाचायला झकास. पण ही शेपटी प्रत्येक टास्कला लावलीत तर स्क्रीनभर स्किपिंगच दिसतं, झालेलं काम त्यात हुडकावं लागतं. कुठल्या मशीनवर काय चालवायचं ते प्लेच्या (टास्कच्या गटाच्या) 'होस्ट्स' ओळीत ठरवा, ग्रुपगणिक बदलणाऱ्या व्हॅल्यू 'ग्रुप_व्हार्स'मध्ये टाका. 'व्हेन' ठेवा उबंटू की रेड हॅट असल्या फरकापुरतं.

आता सगळ्यात वाईट भाग. अख्ख्या रोलवर (एकत्र बांधलेल्या टास्कच्या संचावर) अट घालायची असेल तर 'इम्पोर्ट_रोल' आणि 'इन्क्लूड_रोल' सारखेच वाटतात, पण इम्पोर्टमध्ये अट आतल्या प्रत्येक टास्कला चिकटते आणि दर वेळी नव्याने तपासली जाते. आतल्याच एखाद्या टास्कने अटीतला व्हेरिएबल बदलला, की उरलेला रोल गपचूप गळतो. एरर नाही, शेवटच्या रीकॅपमध्ये 'फेल्ड' शून्य. आमच्याकडे एका बॅकअप सर्व्हरवर सॉफ्टवेअर चढलं आणि क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी नोंद) लागलाच नाही. सायलीने लॉग वाचला म्हणून सापडलं. इन्क्लूडमध्ये अट एकदाच, दारातच तपासतात. आम्ही आता तेच वापरतो. (गाळलेल्या टास्कचं 'रजिस्टर' केलेलं, म्हणजे निकाल साठवणारं, व्हेरिएबलही तयार होतंच, फक्त त्यात आउटपुट नसतं. पुढचा टास्क त्यावर आपटतो.)

ॲन्सिबल-कोअरच्या 2.19 आवृत्तीपासून अटीचं उत्तर खरं किंवा खोटं असंच यावं लागतं. आधी नुसतं यादीचं नाव लिहिलं तरी खपायचं, आता एरर येते आणि लांबी शून्यापेक्षा जास्त आहे का असं स्पष्ट विचारावं लागतं. जुनी प्लेबुकं (टास्क लिहिलेल्या फाइली) दुरुस्त करताना सायलीने बोटं मोडली. मला मात्र हा बदल फार आधी यायला हवा होता असं वाटतं.

पाचपैकी चार. दोन-तीन माणसांच्या टीमने डोळे झाकून घ्यावं. ज्यांच्याकडे कुणीही सर्व्हरवर लॉगिन करून सेटिंग बदलतं, त्यांनी पपेट हे याच कामाचं दुसरं टूल बघावं: त्याचा एजंट नेहमीच्या सेटिंगमध्ये दर 30 मिनिटांनी तपासून सगळं जागेवर आणतो. ॲन्सिबल तुम्ही चालवाल तेव्हाच चालतं.