रडलं की औषध, की घड्याळ लावून?

हर्नियाचं ऑपरेशन झालेलं बाळ घरी आलं की आमच्या यवतमाळकडच्या घरांत दोन पद्धती दिसतात. एक, रडलं की दुखण्याचं औषध. दुसरी, रडो न रडो, डॉक्टरांनी सांगितलेल्या तासांना.

पहिलीत आजीचा शब्द चालतो: "पोट्टी आहे, सोसते. पोट्टा लय हळवा." मला हे ऐकवत नाही. अमेरिकेत 2019 साली छापून आलेल्या अभ्यासात पाच वर्षांच्या एकाच लेकराचा व्हिडिओ मोठ्यांना दाखवला. 'हा मुलगा आहे' असं ज्यांना सांगितलं, त्यांना दुखणं जास्त वाटलं. लेकरू तेच, बोटाला टोचलेली सुई तीच!

शिवाय रडणं हा कच्चा पुरावा. दमलेलं बाळ गप्प पडतं, पण कपाळाला आठ्या असतात, मूठ आवळलेली, पाय पोटाशी ओढलेले. दूध तोंडात घेतं नि सोडतं. दवाखान्यात चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकाला 0 ते 2 गुण देतात. त्यात मुलगा-मुलगी असा रकानाच नाही.

म्हणून पहिले एक-दोन दिवस मी घड्याळाच्याच बाजूची. डोस बाळाच्या वजनावर ठरतो, तेव्हा 24 तासांत किती वेळा नि किती मिली, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. माप बाटलीसोबतचंच, घरचा चमचा नको. आणि मधेच बाळ कळवळलं, तर मनानं जास्तीचा डोस न देता आशाताईंना किंवा दवाखान्यात फोन करा.