पेसमेकर आहे आणि ऑपरेशन ठरलंय: मॅग्नेट की प्रोग्रामिंग?

छातीत पेसमेकर किंवा आयसीडी (हृदयाचा ताल जीवघेणा बिघडला तर शॉक देणारं यंत्र) असताना दुसरंच एखादं ऑपरेशन निघालं, तर खरी काळजी कॉटरीची. विजेच्या उष्णतेनं रक्तस्राव थांबवणाऱ्या मोनोपोलर (एकाच टोकाच्या) कॉटरीचा प्रवाह अंगातून त्वचेवर चिकटवलेल्या पॅडपर्यंत जातो आणि यंत्राला तो हृदयाचाच ठोका वाटू शकतो. मग पेसमेकर गप्प बसतो. आयसीडी उगाचच शॉक देऊ शकतं. उपाय दोन: यंत्रावर कातडीवरून मॅग्नेट ठेवायचा किंवा कंपनीचं प्रोग्रामर हे उपकरण आणून सेटिंग तात्पुरती बदलायची.

मॅग्नेट स्वस्त आणि सोपा. काढला की यंत्र सहसा पूर्ववत. पेसमेकरवर ठेवला, की ते हृदयाचं न ऐकता ठरावीक गतीनं ठोके देतं: मेडट्रॉनिक कंपनीचं मिनिटाला ८५, बोस्टन सायंटिफिकचं १००. बॅटरी उतरली असेल तर कमी. बायोट्रॉनिकच्या पेसमेकरमध्ये मात्र ‘ऑटो’ सेटिंग असेल तर हे जेमतेम १० ठोके चालतं. तिथे नुसत्या मॅग्नेटवर विसंबू नये.

खरी मेख आयसीडीत आहे. मॅग्नेटनं त्याचे शॉक थांबतात, पण पेसिंग (यंत्रानं ठोके देणं) होतं तसंच, म्हणजे हृदयाचं ऐकूनच, राहतं. रुग्णाचं हृदय पूर्णपणे पेसिंगवर चालत असेल, तर कॉटरी लागताच ठोके चुकू शकतात, आणि इकडे मॅग्नेट ठेवलाय म्हणून सगळे निर्धास्त! अशा रुग्णासाठी, कॉटरी नाभीच्या वर लागणार असेल, तर मी प्रोग्रामिंगचाच आग्रह धरेन. पालथं झोपवून करायच्या ऑपरेशनलाही तेच बरं, कारण मॅग्नेट सरकला तर कोणाला दिसतही नाही.

प्रोग्रामिंगची अडचण माणसांची. त्याच कंपनीचा प्रोग्रामर आणि तो चालवणारा माणूस लागतो. तालुक्याच्या गावी तो वेळेवर मिळेलच असं नाही. शिवाय प्रोग्रामिंगनं बंद केलेले आयसीडीचे शॉक ऑपरेशननंतर पुन्हा चालू करायला विसरलं, तर रुग्ण संरक्षणाविना घरी जातो. म्हणून ते चालू होईपर्यंत मॉनिटर आणि बाहेरून शॉक देणारा डिफिब्रिलेटर जवळच हवा.

दोन्हींची गरज नसणंही शक्य आहे. अमेरिकेतल्या हृदयताल आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनांच्या २०११च्या संयुक्त मार्गदर्शनानुसार नाभीखालच्या ऑपरेशनला सहसा यंत्राला हात लावावा लागत नाही. गुडघा, मूळव्याध त्यात आले. मान, स्तन, खांदा नाही. बायपोलर कॉटरीचा प्रवाह चिमट्याच्या दोन टोकांमध्येच राहतो, म्हणून सर्जनना आधी विचारा, की तिच्यावर भागेल का. मोनोपोलरच लागली, तर पॅड अशा जागी हवं, की प्रवाहाची वाट यंत्रावरून जाणार नाही.

भूलतज्ज्ञांना भेटताना यंत्राचं कार्ड आणि शेवटच्या तपासणीचा कागद न्या. पेसमेकरची तपासणी गेल्या १२ महिन्यांतली हवी, आयसीडीची ६ महिन्यांतली.