खासगी समुपदेशनाची सेवा: फी कोणी भरली आणि माहिती कोणाची?

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडला मानसशास्त्रज्ञाच्या खोलीत बसून मन मोकळं करण्याची खासगी सोय आता आहे. मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतही ती कमीअधिक मिळते. उपचाराचा गुण कोणाला किती येईल, हे माणसागणिक बदलतं; त्यावर सरसकट निकाल देता येत नाही. पण उपचाराआधीची तीन कामं तपासता येतात: संमती घेणं, गुप्तता पाळणं आणि फी ठरवणं. ती पहिल्याच भेटीत दिसतात, म्हणून या सेवेचं परीक्षण त्यांच्यावरच केलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. संमतीचा कागद बऱ्याच ठिकाणी असतो, गुप्ततेचा तोंडी शब्दही मिळतो. कच्चं राहतं ते एकच कलम: फी भरणारा आणि बोलणारा वेगळे असतील तर काय? आपल्याकडे ते बहुधा वेगळेच असतात. लेकराची फी बाप भरतो, सुनेची नवरा किंवा सासरा, म्हाताऱ्या मायची पुण्यात नोकरीला असलेला मुलगा. ज्याने पैसे मोजले त्याने ‘काय म्हणाली ती?’ असं विचारलं तर घरात कोणालाच गैर वाटत नाही. याचं उत्तर पहिल्या सत्राआधी लेखी ठरलेलं नसेल, तर दारावरच्या पाटीवर ‘संपूर्ण गोपनीयता’ लिहून काहीही साधत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये संमतीची व्याख्या आहे. दबाव, धमकी, फसवणूक नसताना, उपचाराचे फायदे, धोके आणि पर्याय सांगितल्यावर, त्या माणसाला कळेल अशा भाषेत आणि अशा पद्धतीने घेतलेली ती संमती. यातला भाषेचा भाग सगळ्यात जास्त मोडला जातो. इंग्रजी चार पानं पुढे सरकवून फुलीच्या जागी सही घेणं म्हणजे संमती नव्हे. काही कागद परदेशी संकेतस्थळावरून जसेच्या तसे उचललेले असतात; त्यांत अमेरिकेच्या ‘हिपा’ कायद्याचा उल्लेख आणि संकटकाळासाठी ९११ नंबरही सापडतो. असा कागद हातात आला तर तो त्या केंद्रात कोणी वाचलेलाच नाही, असं समजावं. आपला नंबर ११२ आहे.

चांगलं संमतीपत्र दोन पानांत मावतं. समोर बसणाऱ्याचं शिक्षण आणि नोंदणी क्रमांक, सत्र किती मिनिटांचं, अंदाजे किती सत्रं, कोणत्या पद्धतीने काम होणार, गोळ्या लागतील असं वाटलं तर कोणाकडे पाठवणार, गुप्तता कुठे संपते, नोंदी कुठे आणि किती काळ ठेवणार, फी, आणि कधीही थांबण्याचा हक्क. एवढं पुरे. वाचता न येणाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवायचं, मराठीत, दखनीत किंवा बंजाऱ्यांच्या गोरमाटीत, आणि मग विचारायचं: ‘यातलं तुम्हाला काय समजलं, ते तुमच्या शब्दांत सांगा.’ हे विचारलं नाही तर अंगठ्याला अर्थ नाही. अंगठ्याला साक्षीदार लागतो. तो सोबत आलेला दीर किंवा सासू नसावी, केंद्रातला कर्मचारी चालतो, कारण गुप्ततेचं बंधन त्याच्यावरही असतं. सत्राचं रेकॉर्डिंग करायचं असेल किंवा शिकाऊ विद्यार्थी खोलीत बसणार असेल, तर त्यासाठी वेगळी सही हवी. पहिल्या सहीतच ते गुंडाळलेलं असेल तर ‘हे नको’ म्हणून खोडायला सांगावं.

लातूरला फी भरणारा वेगळा असण्याचा प्रश्न जास्त टोकदार आहे. नीट आणि जेईईसाठी खेड्यापाड्यांतून आलेली पोरं वसतिगृहात राहतात, क्लास एकीकडे, मेस दुसरीकडे, बाप गावी. समुपदेशकाला फोन कधी बाप करतो, कधी वसतिगृहाचा चालक, कधी क्लास. अकरावी-बारावीचं लेकरू अठराच्या आतलं असतं, तेव्हा पालकांची सही लागते. तरी लेकराचीही संमती साध्या चार ओळींत वेगळी घ्यायला हवी. पालकांना काय कळणार हे तिघांसमोर ठरवावं: हजेरी, साधारण प्रगती आणि जिवाला धोका असेल तर तो. काय कळणार नाही, तेही तिथेच सांगावं: कोणावर प्रेम आहे, सिगारेट ओढली का, नीट सोडून दुसरं काही करावंसं वाटतं का. हे न ठरवता काम सुरू केलं की तिसऱ्या-चौथ्या सत्राला बापाचा फोन येतो, समुपदेशक संकोचाने थोडंसं बोलून जातो आणि त्या दिवसापासून पोरगं ‘सगळं ठीक आहे’ एवढंच सांगायला लागतं.

रिपीटर विद्यार्थी बहुतेक अठरा पूर्ण केलेला असतो. तो सज्ञान आहे. फी बापाने भरली तरी त्याच्या परवानगीशिवाय तो केंद्रात येतो की नाही, हेसुद्धा सांगता येत नाही. क्लास फी देत असेल तर क्लासला महिन्याला किती सत्रं झाली तेवढा आकडा मिळावा, नावं नाहीत. समुपदेशनाची खोली क्लासच्याच आवारात, कार्यालयाला लागून असेल, तर ही सेवा आम्ही सुचवणार नाही. कोण आत गेलं हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

सज्ञान व्यक्तीसाठी एक वाक्य कागदावर हवंच: ‘फी भरणाऱ्याला पावती मिळेल, सत्रातली माहिती फक्त सेवा घेणाऱ्याच्या लेखी परवानगीने मिळेल.’ नवरा-बायको दोघं येत असतील तर आणखी एक. एकाने एकट्याने सांगितलेलं दुसऱ्यापासून राखणार की नाही? दोन्ही पद्धती चालतात. आधी न सांगणं चालत नाही. पुढे प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेलं की एक जण येऊन ‘आम्ही तुमच्याकडे यायचो असं पत्र द्या’ म्हणतो. जोडप्याची फाइल दोघांची असते, तेव्हा पत्रालाही दोघांची परवानगी लागते, हे पहिल्याच दिवशी सांगणारं केंद्र जाणतं म्हणावं.

आता गुप्तता कुठे संपते ते. ‘तुमचं काहीही बाहेर जाणार नाही’ असं वचन जो देतो त्याच्याबद्दल सावध राहावं, कारण ते त्याला पाळता येणार नाही. २०१७ च्या कायद्याचं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं आणि अपवादही सांगतं: जिवाला धोका, दुसऱ्या कोणाला इजा होण्याची शक्यता, उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला द्यावी लागणारी माहिती, नामनिर्देशित (म्हणजे रुग्णाने आपल्या वतीने नेमलेला) प्रतिनिधी, न्यायालयाचा किंवा अधिकार असलेल्या यंत्रणेचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता. इजा टाळायची असेल तेव्हाही त्यासाठी लागेल तेवढंच सांगायचं, पूर्ण फाइल उघडायची नाही. वकिलाशी बोललेल्याला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते मानसशास्त्रज्ञाशी बोललेल्याला नाही. समन्स आलं तर मानसशास्त्रज्ञाला हजर राहावं लागतं. म्हणून जाणते लोक नोंदी मोजक्या शब्दांत ठेवतात आणि तिसऱ्या माणसाचं पूर्ण नाव लिहीत नाहीत.

सगळ्यात अवघड जागा अल्पवयीनांची आहे, आणि मराठवाड्यात ती टाळून चालत नाही, कारण इथे बालविवाह अजून होतात. पोक्सो कायदा, २०१२ चं कलम १९ सांगतं की अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराच्या आतल्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच ठरवला. म्हणजे लग्न झालेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी ‘झोप येत नाही’ म्हणून आली आणि बोलता बोलता संसाराचं सांगू लागली, तर समुपदेशकावर कायद्याचं बंधन येतं. ती बोलून झाल्यावर ‘आता मला कळवावं लागेल’ म्हणणं हा तिचा विश्वासघात आहे. आधी सांगितलं तर काय सांगायचं हे तिला ठरवता येतं, आणि कळवावं लागलं तरी सोबत कोण असेल, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर बोलायचं का, ती रात्री कुठे राहील, याची जुळवाजुळव तिच्याशी बोलून करता येते. अल्पवयीनांची कामं घेणाऱ्या केंद्राने हे तोंडी, साध्या शब्दांत, पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं का, यावर आम्ही त्या केंद्राची निम्मी पारख करू.

आत्महत्येच्या विचारांचंही तसंच. शेतकरी घरात कीटकनाशकाचा डबा हाताशी असतो. अशा वेळी घरातल्या कोणाला सांगायचं, ते नाव संमतीपत्रात त्या माणसाने स्वतः आधीच लिहिलेलं असावं, आणि त्या नातेवाइकाला मोजकंच सांगावं: डबा कुलपात ठेवा, एकटं सोडू नका, अमुक ठिकाणी घेऊन या. कर्ज किती, कोणाशी भांडण झालं, हे सांगायची गरज नाही. ‘पोलीस केस होईल’ या धाकाने घरं गप्प बसतात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं कलम ३०९ ठेवलेलंच नाही. समुपदेशकाला हे माहीत नसेल तर ते मोठं उणं आहे.

कागद उत्तम असला तरी गुप्तता गळते ती भिंतीतून आणि फोनमधून. प्लायवुडचं पार्टिशन असेल तर आतलं रडणं बाहेरच्या बाकावर ऐकू येतं. दाराबाहेर पंखा मोठ्याने चालू ठेवला तरी बराच फरक पडतो. गाव आणि आडनाव मोठ्याने पुकारणं बंद करून टोकन द्यावं. दोन भेटींच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवली तर पाव्हणे एकमेकांसमोर येत नाहीत. तालुक्याच्या गावी समुपदेशक आणि त्याच्याकडे येणारा एकाच लग्नाच्या पंगतीत भेटणारच. तेव्हा तो स्वतःहून ओळख दाखवणार नाही, एवढं आधी बोललेलं असावं.

फोनबद्दल विचारायचे प्रश्न दोनच. हा फोन घरात आणखी कोण बघतं? आठवणीचा मेसेज कोणत्या नावाने पाठवू? यूपीआयची गंमत बऱ्याच केंद्रांच्या लक्षात येत नाही: बाईने केंद्राचा कोड स्कॅन केला की ‘अमुक मानसोपचार केंद्र’ हे नाव खात्याच्या नोंदीत उमटतं, आणि खातं नवऱ्याचं असेल तर त्याला ते दिसतं. रोख घेण्याची सोय ठेवणं किंवा कोडवर केंद्राचं साधं, व्यवसाय न सांगणारं नाव असणं, हा त्यावर सोपा इलाज आहे. पावती मात्र द्यायचीच. हवी तर ती केंद्रातच फाइलला ठेवता येते.

फीचा तक्ता भिंतीवर किंवा संमतीपत्रात हवा. पहिली भेट साधारण तासाभराची, पुढची सत्रं ४५ ते ५० मिनिटांची. विचार-वर्तन पद्धतीच्या उपचाराला साधारण ६ ते २० सत्रं लागतात. समजा एका सत्राचे ८०० रुपये आणि १० सत्रं, तर ८,००० रुपये झाले. परळीहून लातूरला येणाऱ्याचं दोघांचं एसटीभाडं आणि बुडालेली रोजी वेगळी. हा पूर्ण आकडा पहिल्या दिवशी सांगणारा समुपदेशक माणूस मध्येच तुटू देत नाही. दहा सत्रांचं पॅकेज आगाऊ भरून घेणाऱ्यांपासून दूर राहावं. भरायचंच असेल तर न झालेल्या सत्रांचे पैसे किती दिवसांत परत, हे लिहून घ्यावं. न येण्याची सूचना २४ तास आधी दिली नाही तर फी लागेल, हा नियम रास्त आहे. पण शेवटची बस चुकली, पुराने रस्ता बंद झाला, यासाठी त्यात सूट हवी, किंवा तेच सत्र फोनवर घ्यावं.

सवलतीची फी द्यायची तर तिचे टप्पे लिहिलेले असावेत, नाहीतर दर भेटीला घासाघीस होते आणि ती उपचारात शिरते. उधारी तर त्याहून वाईट. ‘सोयाबीन निघालं की देतो’ हा शब्द खोटा नसतो. पण तीन-चार सत्रांची बाकी साचली की माणूस लाजेने यायचंच बंद करतो, आणि ते नेमकं त्याला गरज असते तेव्हाच घडतं. दोन सत्रांपुढे उधारी नाही, त्याऐवजी फी कमी करू किंवा सत्रं पंधरवड्याला घेऊ, ही पद्धत माणसाला टिकवते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाशी दिवाळीआधीच बोलून ठेवावं की मधले पाच-सहा महिने फोनवर भेट होईल का, आणि कोणाच्या फोनवर.

मानसशास्त्रीय चाचण्यांची फी वेगळी असते; तीत अहवाल लिहिणं धरलं आहे का आणि अहवाल मराठीत मिळेल का, हे विचारावं. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतीसाठी खासगी अहवाल एकट्याने पुरत नाही, सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. ते आधी न सांगता चाचणीचे पैसे घेणं चूक आहे.

समोर कोण बसलं आहे, हेही पाहावं. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहिणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. एम.ए. झालेला समुपदेशक उत्तम काम करू शकतो, फक्त त्याने स्वतःला तसंच म्हणावं. औषध लिहिणं हे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरचं काम. मानसशास्त्रज्ञाने गोळ्यांची चिठ्ठी दिली तर तिथून उठावं. खर्च झेपत नसेल तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड-लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, जिल्हा रुग्णालयं यांच्याकडे केसपेपरच्या पैशांत तपासणी होते; तिथे गर्दी असते आणि एकांत कमी. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. रात्री दोन वाजता खासगी केंद्र बंद असतं, तेव्हा हाच नंबर कामाला येतो.

तक्रारीची वेळ आली तर फीच्या वादासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि वागणुकीसाठी नोंदणी देणारी परिषद. दोन्हीकडे पावती आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागतात, म्हणून ती प्रत पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. घरी ठेवणं सोयीचं नसेल तर फोटो काढून आपल्या विश्वासातल्या माणसाकडे पाठवावा आणि आपल्या फोनमधून पुसून टाकावा.