पुदिन्याच्या वासाचे बियाणे : सांगलीत झालेली माझी फसवणूक

तासगाव तालुक्यातील आमची जुनी द्राक्षबाग गेल्या वर्षी काढून टाकली. मोकळ्या झालेल्या एक एकरात कमी पाण्याचे काय घ्यावे, या विचारात मी असताना सांगलीत भाड्याच्या खोलीत कार्यालय थाटलेल्या एका दलालाने मला ‘थंडाव्याच्या वासाचे हेम्प’, म्हणजे भांगेच्याच जातीचे बियाणे दाखवले. डबी उघडताच पुदिन्याचा घमघमाट सुटला आणि त्या वासावरच मी विश्वास ठेवला. या वाणाच्या फुलांचे तेल अत्तराचे कारखाने घेतात, माल हमीभावाने उचलला जाईल आणि परवाना आमच्याकडे आहे, असे सांगून त्याने उत्तराखंडातील एका परवान्याची झेरॉक्सही पुढे केली. मी बियाणे आणि नोंदणी मिळून ६२,००० रुपये भरले. पावतीवर पिकाचे नाव नव्हते, केवळ ‘सुगंधी वनस्पती’ असे लिहिले होते.

पेरणीच्या आधी राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली माझी पुतणी घरी आली. तिने मूठभर दाणे साबणाच्या कोमट पाण्यात धुतले, पुसले आणि चुरडून माझ्या नाकाशी धरले. पुदिना पार गेला होता. उरला होता तो साध्या तेलबीचा वास.

“काका, बी हुंगून फुलाचा वास कळत नसतो,” ती म्हणाली. भांगेचा गंध मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींत तयार होतो, बीमध्ये नव्हे. नीलगिरीच्या तेलात मुख्यत्वे असणारे युकॅलिप्टॉल काही वाणांत सापडते आणि त्यामुळे थंड, औषधी वास येतो. मेंथॉल मात्र पुदिन्याचे द्रव्य आहे, आणि माझ्या डबीत तेच वरून चोळलेले असावे. शिवाय या जातीत नर आणि मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात व परागीभवन वाऱ्याने होते, त्यामुळे एखाद्या झाडाचा गंध त्याच्या बियांतून जसाच्या तसा उतरत नाही. तो टिकवायचा तर पैदासकार निवडलेल्या मादी झाडाच्या फांद्यांची कलमे करतात.

याहून गंभीर बाब मला वकिलांकडून कळली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे, त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दुसऱ्या राज्यातील कोणाच्या परवान्यावर माझ्या शेतात एक रोपही लावता आले नसते.

मी परत गेलो तेव्हा खोलीला कुलूप होते आणि फोन बंद होता. तक्रार नोंदवून मी बियाणे पोलिसांकडे जमा केले. पैसे भरताना माझ्या शेजारी खानापूर आणि आटपाडीकडचे दोन शेतकरी तीच डबी घेऊन बसले होते. त्यांची नावे मी विचारली नाहीत, याची मला आजही खंत वाटते. हे त्यांच्यापर्यंत पोहोचले तर त्यांनी दाणे आधी धुऊन पाहावेत, आणि जमिनीत एकही टाकू नये.