युनियनची घटना दुरुस्त करून घेतली, सांगलीतल्या कामगार वकिलांच्या ऑफिसचा अनुभव

आमची कुपवाड एमआयडीसीतली छोटी युनियन. अध्यक्षांवर अविश्वास आणायची वेळ आली तेव्हा घटना, म्हणजे युनियनची नियमावली, उघडली तर "दोन तृतीयांश मतांनी काढता येईल" एवढी एकच ओळ. दोन तृतीयांश कशाचे? यावरनं कमिटीत उभे दोन गट पडले, शेवटी कामगार कायद्याचं काम बघणाऱ्या एका वकिलांकडं गेलो.

साहेबांनी सरळ कागदावर मांडून दाखवलं. कमिटी १५ जणांची, हजर १२, त्यातले २ तटस्थ. एकूण सदस्यांच्या हिशोबानं १० मतं लागतात, हजर असलेल्यांच्या हिशोबानं ८, आणि प्रत्यक्ष मत देणाऱ्यांच्या धरलं तर ७. म्हणजे ठरावाला ८ पडली तर एका वाचनानं अध्यक्ष घरी आणि दुसऱ्या वाचनानं खुर्चीत कायम! १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याचं कलम ६ याबाबत फक्त एवढंच म्हणायचं की पदाधिकारी कसे नेमायचे आणि कसे काढायचे हे युनियनच्या नियमांत पाहिजे, किती मतांनी ते आपणच लिहायचं. २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तसंच.

मला सगळ्यात पटलं ते त्यांनी विचारलं की अध्यक्ष निवडला कुणी, कमिटीनं का सगळ्या सभासदांनी? सभासदांनी निवडलेला माणूस कमिटीतल्या चार जणांनी खोलीत बसून काढायचा हे बरोबर नाही, मग काढायचा हक्कपण सर्वसाधारण सभेलाच ठेवा म्हणाले. मसुद्यात कारणासकट लेखी नोटीस, त्या सभेला अध्यक्षानं स्वतः अध्यक्षस्थानी बसायचं नाही पण बाजू मांडायला वेळ द्यायचा, गुप्त मतदान, सगळं आलं. आणि चालू भांडण जिंकायला मध्येच नियम बदलू नका हे दोन्ही गटांना तोंडावर सांगितलं, असं स्पष्ट बोलणारा माणूस पाहिजेच.

तक्रार एकच, मसुद्याची भाषा लय जड. गणपूर्ती, उपरोक्त, तद्नंतर असले शब्द, कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्या पोरांना कळणार कसं? सांगितल्यावर सोपं करून दिलं पण त्यात बरेच दिवस गेले. फी वाजवी वाटली, वर्गणीतनं भागली.

जाणार असाल तर युनियनच्या कपाटातली झेरॉक्स नेऊ नका, युनियनची नोंदणी करणाऱ्या सरकारी निबंधकांकडं नोंद असलेल्या घटनेची प्रमाणित प्रत काढून न्या, आमच्या दोन्हीत फरक निघाला.